एका रात्रीचे सरदार

महाडला घर असलं की माणूस आपोआप हॉटेलवाला होतो. परवाना लागत नाही, पाटी लागत नाही. चार जादा गाद्या, एक मोठं पातेलं आणि नाही म्हणता न येणारा स्वभाव एवढ्या भांडवलावर धंदा सुरू होतो आणि कायम तोट्यात चालतो. रायगड आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. शिवरायांच्या राज्याभिषेकाचा सोहळा तारखेने 6 जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला होत असल्यामुळे आमचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. ज्या नातेवाइकांना आमच्या लेकीचं नाव आठवत नाही, त्यांना आमच्या घराचा रस्ता मात्र पाठ असतो. "गडावर निघालोय, वाटेत तुमच्याकडे जरा टेकू," असा फोन येतो. टेकलेली माणसं तिसऱ्या दिवशी उठतात.

हे काही आजचं नाही. 1674 च्या मे महिन्यात मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची बोलणी करायला रायगडाखाली पाचाडला पोचला, तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. साहेबाला पाचाडलाच थांबावं लागलं, म्हणजे आजच्या भाषेत खोली तयार नव्हती. पुढे गडावर मुक्काम मिळाला, तर जेवणाची तक्रार. त्या काळचा इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने लिहून ठेवलंय की डाळतांदळाची तूप घातलेली खिचडी या मंडळींना पुरेना, त्यांना मांस हवं. तशी सोय झाली. मांस पुरवणारा खाटीक म्हातारा होता. त्याच्याकडे एवढी मागणी कधी आलीच नव्हती, त्यामुळे तो अख्खा गड चढून वर आला, केवळ हे खाणारे आहेत तरी कोण ते बघायला. आमच्या व्यवसायातली ही बहुधा पहिली लेखी तक्रार. आमच्या गल्लीतला मटणवाला अजूनही पाहुणे उतरले की असाच डोकावून जातो.

त्यानंतरही महाडला मोठी माणसं आली, पण ती अडचणीत असताना. नाना फडणवीस 1796 मध्ये पुण्यातल्या राजकारणातून निसटून इथे येऊन बसले आणि इथूनच त्यांनी पेशवेपदाची जुळवाजुळव केली. ज्याला त्यांनी गादीवर बसवलं तो दुसरा बाजीराव 1802 मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला मार खाऊन पळाला, तोही रायगड-महाडच्या वाटेनेच. सुखात असलेला पेशवा महाबळेश्वराकडे बघतो, पळणारा पेशवा महाडकडे. पाहुणचार आम्ही नानांचा आणि बाजीरावाचा, दोघांचाही केला असणार. तेव्हा पाहुणे सांभाळण्याचा आम्हाला साडेतीनशे वर्षांचा अनुभव आहे. पाहुणा होण्याचा मात्र अजिबात नाही.

हे कळायचं निमित्त म्हणजे आमच्या लग्नाचा वाढदिवस. पुण्याच्या लेकीने परस्पर सासवडजवळच्या जाधवगडावर आमची एक रात्र राहायची सोय केली. थोरल्या शाहूंचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी 1710 मध्ये बांधलेली ही गढी. पिलाजीराव पुढे थोरल्या बाजीरावाच्या मोहिमांत गाजले. या शतकाच्या पहिल्या दशकात विठ्ठल कामतांनी गढीची डागडुजी करून तिथे हॉटेल काढलं. महाराष्ट्रात गढीचं हॉटेल ही तेव्हा नवलाईच होती.

अडचण एकच होती. बायकोचे मामा त्या आठवड्यात डोळे दाखवायला पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून आमच्याकडे आलेले. त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. लेक म्हणाली, "न्या त्यांना, खोली मोठी आहे." मामा धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि हातात छत्री या त्यांच्या बारमाही वेशात गाडीत बसले. कुठे निघालोय हे त्यांनी बिरवाडी ओलांडल्यावर विचारलं.

"मामा, गडावर."

"रायगड मागं ऱ्हायला."

"दुसऱ्या गडावर. तिथे राहायचंय. गादी, पंखा, जेवण, सगळं आहे."

मामांनी थोडा विचार केला. "किल्लेदार नातेवाईक हाय का कोन आपला?"

वरंध घाटात वाघजाईपाशी भजी झाली. ती खाल्ल्याशिवाय गाडी पुढे नेली तर इंजिन गरम होतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. पलीकडे भोर. तिथल्या राजवाड्यात इतक्या सिनेमांचं चित्रीकरण होतं की एकाच दिवाणखान्यात किती पिढ्यांचे राजे वारले असतील, याचा हिशेब लागणार नाही. मग कापूरहोळ, नारायणपूर आणि सासवड. आचार्य अत्र्यांच्या मुलखात शिरताना विनोदी लेखकाने जरा आवाज खाली करावा, म्हणून मी दिवे घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत गप्प होतो. मामा शेतातली सीताफळं आणि अंजिरं बघत बसले. आमच्याकडे पाऊस आभाळ फाटल्यासारखा पडतो आणि इकडे ढग नुसते दिसून जातात, तरी फळं इथल्यांची गाजतात, हे त्यांना काही पटलं नाही.

गढीच्या दारात आम्ही उतरलो आणि तुतारी वाजली.

आता आम्ही रायगडच्या सावलीतली माणसं. तुतारी आमच्या कानाला नवी नाही. पण आजवर ती नेहमी दुसऱ्या कुणासाठी वाजलेली, आणि वाजली की आम्ही रस्ता मोकळा करून बाजूला उभं राहायचं, हे अंगवळणी पडलेलं. त्यामुळे झालं असं की तुतारीबरोबर आम्ही तिघेही झटकन भिंतीला सरकलो. बायकोने पदर सावरला. मामांनी छत्री काखेत धरून मागे वळून पाहिलं. "कोन आलंय मागनं?" मागे फक्त आमची धुळीने माखलेली गाडी होती. वाजवणारा आमच्याकडे बघत होता, आम्ही रस्त्याकडे. शेवटी बायको कुजबुजली, "अहो, आपल्यासाठीच आहे ते." मी छाती पुढे काढण्याचा प्रयत्न केला. तीस वर्षं टेबलामागे बसून नोकरी केलेल्या माणसाची छाती एका तुतारीत पुढे येत नाही, त्याला दोनतीन तरी लागतात. मामा मात्र सावरले. ते वाजवणाऱ्यापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दम चांगला हाय. शेवटची फुंक अजून लांबव."

मग गढी बघून झाली. जाड भिंती, उंच दरवाजा, चढत्या पायऱ्या. मामांनी भिंतीची जाडी हाताच्या वितीने मोजली आणि एवढ्या दगडात आपल्या वाडीतली किती घरं उठली असती याचा अंदाज मनातल्या मनात केला. त्यांचा आक्षेप एकच होता. "ह्यो गड कसला? चढ कुठाय?" त्यांच्या लेखी घाम आला नाही तर तो गड नव्हेच. उंबरठ्याशी उमरठ असलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? तानाजी मालुसऱ्यांचं ते गाव मामांच्या तालुक्यातलं आहे, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगतात. तानाजी कोंढाणा घोरपड लावून चढले की दोर लावून, यावर वाद घालायला ते कधीही तयार असतात. तानाजी जिन्याने वर गेले असतील हे मात्र मामांना कुणी पटवून देऊ नये.

राजस्थानात उठसूट राजवाड्याचं हॉटेल होतं आणि आपल्याकडे का नाही, असा प्रश्न मला अंगणातल्या खुर्चीवर बसून पडला. उत्तर सोपं आहे. जयपूरचा रामबाग राजवाडा 1957 मध्येच हॉटेल झाला, आणि 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर बाकीच्यांनीही पाहुण्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे द्यायला महाल होते, झुंबरं होती. आमच्या महाराजांनी पैसा तटबंदीत, तळ्यांत आणि धान्याच्या कोठारांत घातला. राहते महाल दगडी जोत्यावर लाकडाचे. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा रायगडावर धडाडल्या, आग लागली, लाकूड गेलं आणि जोती उरली. आता वाटाडे पर्यटकांना राणीवशात नेतात आणि त्या जोत्यांमधले शौचकूप दाखवतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही सोय बघून पर्यटक थक्क होतात, आणि तेच पर्यटक रात्री खाली येऊन स्वस्त लॉजमध्ये उतरतात, जिथे शौचालय मजल्यावर एकच असतं.

वाड्याची हॉटेलं आपल्याकडेही आहेत, नाही असं नाही. कोल्हापूरचा शालिनी पॅलेस 1987 मध्ये हॉटेल झाला होता, माथेरानला जुना बार हाउस आहे, शेजारच्या गोव्यात तेरेखोलच्या किल्ल्यातही हॉटेल निघालं, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांच्या सोबतीने राहता येतं. पण 2019 मध्ये राज्य सरकार पंचवीस किल्ले हॉटेलांना आणि लग्नांना देणार अशी बातमी आली, तेव्हा मात्र महाडातली एकही चहाची टपरी शांत राहिली नाही. रायगडावर हळदीचा कार्यक्रम होणार या कल्पनेनेच माणसं हातातला कटिंग विसरली. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या, संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारने केला. टपरीने तो वाचला नाही. टपरीला खुलासे आवडत नाहीत, तिला बातम्या आवडतात.

गढीत एक संग्रहालयही आहे, त्याचं नाव 'आई'. जुन्या घरगुती वस्तू तिथे नीट मांडून ठेवल्यात. मामा आत शिरले आणि घरी आल्यासारखे हिंडू लागले. हे आमच्या माळ्यावर हाय, ते वहिनीनं भंगारात दिलं, ते शेजाऱ्यानं नेलं ते आजून परत केलं न्हाय. बायको एका पितळी घंगाळापाशी थबकली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या बाजारपेठेत छपरापर्यंत चढलं होतं. चिखल उपसताना आईचं घंगाळ मी वजनावर देऊन टाकलं. ते पुन्हा कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि काचेच्या जवळ उभं राहून तर मुळीच नाही. मी पटकन पुढच्या दालनात गेलो.

खरी गंमत संध्याकाळी झाली. गढीत त्या दिवशी एक लग्न होतं, पुण्याचं. अंगणात झेंडूच्या माळा, दिव्यांच्या माळा, घोडा, फोटोवाले, ड्रोन. नवरदेवाच्या सगळ्या मित्रांना एकसारखे फेटे बांधायचे होते आणि फेटे बांधणारा वाटेत कुठेतरी अडकला होता. वीसपंचवीस शिकलीसवरली मुलं हातात नऊ नऊ वारांचे पट्टे घेऊन उभी. एकजण फोनवर फेटा बांधण्याचा व्हिडिओ बघत होता आणि तो व्हिडिओ पुढे जाईपर्यंत फेटा मागे सुटत होता. मामा हे सगळं ओट्यावरून बघत होते. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग छत्री माझ्या हातात दिली, खाली उतरले, एका पोराला पुढ्यात उभं केलं आणि त्याची मान दोन्ही हातांनी सरळ केली.

पहिला फेटा दोन मिनिटांत झाला. तुरा काटकोनात उभा. मग रांग लागली. मामा गेली पन्नास वर्षं तालुक्यातल्या लग्नांत फेटे बांधत आले आहेत, त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पण इथे मुलं एकमेकांना ढकलून पुढे येत होती. "काका, मला थोडा कोल्हापुरी स्टाइल." मामा म्हणाले, "कोल्हापूरला जा." नवरदेवाच्या वडिलांनी लांबून पाहिलं, त्यांना वाटलं हे मुलीकडचे कोणी वडीलधारे. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. दोन्हीकडून नमस्कार येऊ लागले. अख्ख्या मांडवात भाड्याची शेरवानी नसलेला आणि खरी टोपी घातलेला तो एकच माणूस, त्यामुळे फोटोवाल्याने त्यांना प्रत्येक चौकटीत घेतलं. जाधवरावांच्या गढीत मधोमध खुर्चीवर मामा, दोन्ही बाजूंना फेटेवाले, मागे नवरा-नवरी. हा फोटो त्या घरातल्या अल्बममध्ये राहणार, आणि चाळीस वर्षांनी कुणीतरी नातू विचारणार, "हे कोणते आजोबा?" त्याला काय सांगतील ते सांगोत.

जेवणही तिकडेच झालं. सोडेनात. मामा रात्री नारळ, टॉवेल-टोपी आणि पानाचा विडा घेऊन खोलीवर आले आणि पलंगावर बसून विचारते झाले, "जावईबापू, लगीन कुनाचं व्हतं?"

खोली उत्तम होती. गादी इतकी मऊ की मामांनी रात्री सतरंजी मागवून खाली अंग टाकलं. त्यांना झोप येईना. पोलादपूरचं घर मुंबई-गोवा रस्त्यालगत, रात्रभर ट्रक गेल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि ते अजून संपायचं आहे, त्यामुळे जन्मभराची झोपेची सोय झाली. इथे दगडी भिंतींतून आवाज येत नव्हता. मामांनी उठून खिडकी उघडली, बाहेरचं अंधारं माळरान बघितलं आणि म्हणाले, "आमचा आजा इथं आला असता तर त्याला दारातच थांबवला असता."

"कशाला?"

"डोईवर भारा असता ना. भारा खाली ठेव, दिंडीनं आत घे, मानूस बाहेरच्या बाहेर."

ते बरोबर होतं. सरदाराच्या गढीत 1710 मध्ये समोरच्या दरवाजाने आत जाणारी माणसं बोटांवर मोजण्यासारखी. आम्हाला कुणी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आधार कार्ड पाहिलं आणि तुतारी वाजवली. ज्या गावात आम्ही राहतो तिथलं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये ठरावाने सगळ्यांना खुलं केलं, तरी त्या पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 चा सत्याग्रह लागला, डॉ. आंबेडकर लागले, आणि कज्जा मिटायला मुंबई हायकोर्टाचा 1937 चा निकाल. ते आठवलं की आगाऊ पैसे भरणाऱ्या कुणालाही आत घेणाऱ्या गढीच्या दरवाजाला मी नावं ठेवू शकत नाही. पैसा हीच अट उरली, हे खरं. आणि ती अट माझ्या लेकीने पुरी केली, मी नव्हे, हेही खरं. मामांच्या वाडीतले बहुतेक लोक त्या दारातून अजूनही भारा घेऊनच आत जातील.

तरीही मला विचाराल तर गढ्यांची हॉटेलं व्हावीत. कोकणात काय आणि देशावर काय, सरदार-इनामदारांचे वाडे तोफांनी पडले त्यापेक्षा सातबाऱ्याने जास्त पडले. उताऱ्यावर एवढी नावं की कौल बदलायचा म्हटला तरी चार शहरांतून आणि दोन परदेशांतून सह्या आणाव्यात. तोवर भिंतीत पिंपळ उगवतो, तुळई वाकते, आणि कुणीतरी रातोरात दाराच्या पितळी कड्या नेतो. चुना, लाकूड, गवंडी, माळी, पहारेकरी, हे सगळं पोसायला वाड्याने स्वतः कमवायला हवं. लग्नाच्या मांडवाने ते होत असेल तर होऊ द्या, डीजेचा आवाज तेवढा कमी ठेवा, भिंती जुन्या आहेत. रायगडाला हा नियम लागू नाही. तिथे 1996 पासून रोपवे आहे, वर पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं, आणि त्याहून जास्त कशाची गरज असलेल्या माणसाने खाली थांबावं.

जाधवगडाला आमच्या बाजूने जाणार असाल तर वरंध घाटाची चौकशी करून निघा. पावसाळ्यात तो वाहतुकीला बंद करतात, मग ताम्हिणीचा नाही तर महाबळेश्वराचा फेरा पडतो. लग्नाला जाणार असाल तर फेटा स्वतः बांधायला शिका. मामांना विचारू नका. त्या संध्याकाळी त्यांचा नंबर कुणीतरी घेतलाय, आणि मार्गशीर्षापर्यंत ते मोकळे नाहीत.